नारायणराव सरांचा दाखला

पिंपळगाव राजाच्या सहदेव पाटलांचा इंद्रभान खामगावला कॉलेजात होता. १९६१ साली इंटरच्या परीक्षेत, गणिताच्या पेपरला त्याच्या बाहीत चिठ्ठी सापडली. पकडणारे नारायणराव त्याचेच गणिताचे सर. त्याचं वर्ष गेलं. दुसऱ्या दिवशी सहदेवांनी त्याला शेतात वखरावर नेलं.

त्यानंतरच्या रविवारी इंद्रभान बारा मैल सायकल मारत सरांच्या दारात उभा राहिला.

"सर, मले गणित येत नाही. म्हणून ते केलं. आता शिकायचं हाय."

सरांनी चटई टाकली.

पुढच्या वर्षी तो पास झाला. चीनच्या लढाईनंतर हवाई दलात वैमानिकांची भरती निघाली, तेव्हा त्यानं फॉर्म आणला. त्यात प्रश्न होता, परीक्षेत गैरप्रकाराबद्दल कधी शिक्षा झाली काय? त्यानं 'होय' लिहिलं.

"काऊन लिहितं बापा?" आई गोजरबाई म्हणाली. "तिकडच्या लोकाइले काय मालूम?"

"मले मालूम हाय ना, माय."

वर्तणुकीचा दाखला मागायला तो सरांकडेच गेला. सरांनी लिहिलं, 'या मुलाला मी स्वतः नक्कल करताना पकडलं. नंतर वर्षभर दर रविवारी तो माझ्याकडे शिकायला आला. एकही रविवार चुकला नाही.'

इंद्रभानचं तोंड उतरलं. "सर, ते पहिलं वाक्य..."

"ते काढलं तर पुढच्याला काही अर्थ राहत नाही," सर म्हणाले.

निवड मंडळासमोर एका अधिकाऱ्यानं तो कागद बराच वेळ वाचला. मग विचारलं, "हे लपवता आलं असतं. का लिहिलं?"

इंद्रभान मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "तेव्हा येत नसताना येतं असं दाखवलं, साहेब. विमानात तसं केलं तर माणसं मरतील."

अधिकाऱ्यानं त्याला एक गणित घातलं. वारा आडवा, विमानाचा वेग इतका, तर तोंड कुठे ठेवायचं? अर्ध्यावर इंद्रभाननं हात थांबवला. "चुकलं. पुन्हा करतो." दुसऱ्यांदा उत्तर बरोबर आलं.

त्याची निवड झाली. प्रशिक्षण संपल्यावर तो पूर्वेकडच्या डोंगरांत मालवाहू विमान चालवू लागला. तिथल्या लष्करी चौक्यांना रस्ता नव्हता. तांदूळ, मीठ, औषधं वरून टाकावी लागत.

पहिल्या सुट्टीत तो नांदुऱ्याला गाडीतून उतरला आणि घराआधी खामगावची बस धरली. सर आता थकले होते. त्यांच्या पत्नी सिंधूताईंनी चहा ठेवला.

"सर, तुम्ही पकडलं नसतं तर मी त्या वर्षी पास झालो असतो," इंद्रभान म्हणाला. "अन् गणित कधीच आलं नसतं. तुमचे उपकार हायेत."

"तुझं वर्ष माझ्या हातून गेलं, हे माझ्या मनाला फार दिवस लागून राहिलं होतं रे," सर म्हणाले. मग चष्मा पुसून त्यांनी कागद पुढे केला. "तू वरून टाकतोस ती पोती नेमकी चौकीवर कशी पडतात, ते मला समजावून सांग."

इंद्रभान दोन तास आकृत्या काढत बसला. सर मधेच अडवून शंका विचारत होते.

घरी पोचायला दुपार टळली. सहदेव ओट्यावर वाट पाहत होते.

"आधी सरांकडे गेलता?"

"हाव."

"बरं केलं," ते म्हणाले आणि त्याच्या हातातली बॅग घेतली.