समोरच्या बाईंची कुजबुज

समस्त सौंसरकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या समोरच्या बाई कुजबुजू शकतात. मी स्वतः पाहिलंय!

एरवी त्या संत्र्याचा भावही गच्चीवरून ओरडून विचारतात. पण बायकांच्या दुखण्याचा विषय निघाला की पदर तोंडाशी जातो आणि नुसते ओठ हलतात. त्यांच्या घरी बायकांच्या चड्ड्या न्हाणीघरात, ओल्या टॉवेलखाली लपवून वाळत घालतात. अर्थात त्या कधीच वाळत नाहीत.

मागच्या महिन्यात त्यांच्या सुनेला खाली खाज सुटली, जळजळ व्हायला लागली, दह्यासारखं पांढरं जायला लागलं. बाईंनी कुजबुजत जंतुनाशकाच्या पाण्यानं धुवायला सांगितलं. पोरगी आणखीच पोळली. तिचे रडून सुजलेले डोळे पाहिले, तेव्हा कुठे बाई तिला लेडी डॉक्टरकडे घेऊन निघाल्या आणि धीर यावा म्हणून मलाही ओढलं.

तपासून डॉक्टर म्हणाल्या, "बुरशीचा संसर्ग आहे, बरा होतो. खाज थांबली तरी औषध अर्ध्यात सोडू नका. शुगर तपासून घ्या. जंतुनाशक आणि आतून धुणं, दोन्ही बंद. चड्डी सुती आणि पूर्ण वाळलेली हवी."

दुसऱ्या सकाळी बाईंनी सगळ्या चड्ड्या अंगणातल्या दोरीवर, भर उन्हात टांगल्या. त्यांचे यजमान धावत आले. "अवो, लोकं पाहून राहिले ना!"

बाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा कडाडल्या, "पाहू द्या! पोरगी खाजेनं रडून राहिली, न् तुमाले दोरीची लाज वाटून राहिली?"