दोनदा लागलेली दुरुस्ती

विभागात तिला सगळे 'पाणीवाल्या बाई' म्हणत. सोन्याची दोन अणुकेंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं एकमेकांवर आदळली, की निमिषाच्याही कणभर काळासाठी सगळं वितळतं, त्याचा द्रव होतो. तो कसा वाहतो हे कॉम्प्युटरवर मांडणारा प्रोग्राम तिनं नऊ वर्षं खपून लिहिला होता. वडिलांनी जन्मभर पंप दुरुस्त केलेले. हे ऐकून त्यांनी एकच विचारलं, "दाट की पातळ?"

"तेच तर शोधतेय, बाबा."

शोधलं. चिकटपणाचा आकडा प्रयोगाशी इतका तंतोतंत जुळला, की गटाचे प्रमुख असलेल्या सरांचं जगभर नाव झालं. शोधनिबंधावर सर आणि दोन प्राध्यापक. ती शेवटी, आभारात. तिनं ते गिळलं.

दीड वर्षानं प्रोग्राम साफसूफ करताना तिला एक चूक सापडली. द्रव थंड होऊन त्याचे कण सुटतात, त्या पायरीवर चिकटपणाची एक दुरुस्ती दोनदा लागत होती. म्हणजे छापलेला आकडा खोटा. खरा द्रव बराच जास्त चिकट. चूक तिचीच. तशीच उठून ती सरांच्या खोलीत गेली.

सरांनी कागद पाहिला, चष्मा काढला. "आणखी कुणाला बोललीस?"

"नाही सर. आपणच कळवून टाकू ना."

"पुढच्या महिन्यात माझी निवड समितीपुढे मुलाखत आहे. जरा दम धर."

दम धरता धरता वर्ष गेलं. तिनं दोनदा ईमेल केली, दोनदा "बघू" आलं. तिसरी लिहायला हात रेटेना. तिचं कंत्राट सरांच्याच सहीनं वाढायचं.

मग दुसऱ्याच एका गटानं ती चूक शोधून छापली. आठ दिवसांत नियतकालिकात सरांचं पत्र आलं: चूक सहायक प्रोग्रामरची. पुढे तिचं पूर्ण नाव, आडनावासकट.

ईमेलचे कागद घेऊन ती विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी ते वाचले, घडी घालून परत दिले. "तुमचं खरं आहे, बाई. पण आता उकरून काय निघणार? आणि वर्षभर तुम्हीही गप्पच होतात."

महिनाअखेर कंत्राट संपलं.

"पंप चुकीचा बसला तर मी स्वतः जाऊन सांगायचो," वडील म्हणाले.

"मीही सांगितलं, बाबा."

"साहेबाला. ज्याच्या नळाला पाणी येत नाही, त्याला सांगायचं असतं, पोरी."

आता ती एका कारखान्यात पाइपातल्या प्रवाहांची गणितं करते. परवा विभागातून एका नव्या विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, प्रोग्राम चालत नाहीये. सर म्हणाले, तुम्हालाच विचारायचं."

तिनं तासभर खपून एकेक पायरी समजावली, दोन अडचणी सोडवूनही दिल्या. फोन ठेवला आणि तिला स्वतःचाच असा संताप आला, की समोरचा गार झालेला चहा तिनं तसाच मोरीत ओतला.