आईची हाडं आणि तीन सुया

आईचा कॅन्सर हाडांत उतरलाय की नाही, एवढंच आम्हाला कळायचं होतं. स्तनाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, डोक्यावरचे केस गेले. हे सगळं तिनं कुरकुर न करता पार पाडलं होतं. आता दसऱ्यानंतर एक स्कॅन राहिला होता. त्यात हाडं स्वच्छ निघाली की सुटलो, असं डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आलेला माल तपासायचा आणि खराब असेल तर परत धाडायचा, हे माझं काम. त्यामुळे कुणी ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं की माझा विश्वासच बसत नाही. मी डॉक्टर बाईंना खोदून खोदून विचारलं, हा मेला हाडातच का जातो? त्यांनी कंटाळा केला नाही.

“हाडाच्या आत मज्जा असते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथेच तयार होतात. कॅन्सरची पेशी तिथे पोचली तरी एकटीच्या जिवावर तग धरत नाही. ती तिथल्याच काही पेशींना फितवते. मग त्या तिला मारायचं सोडून तिच्यासाठी जागा करतात, हाड पोखरायला मदत करतात आणि लढायला आलेल्या बाकीच्या पेशींना गप्प बसवतात.”

मला काही सुधरेना. आई मात्र डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, “म्हंजी आमच्या जमिनीवानीच की. बिल्डर कदी येकटा येतो व्हय? आपलाच भाऊबंद त्याला बांधावर आणून हुबा करतो.”

“अगदी तसंच, मावशी,” म्हणत डॉक्टर बाई हसल्या. थेरगावची आमची जमीन कशी गेली हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. तेव्हापासून मला आईच्या हाडांत सफारी घातलेले आमचे चुलते फिरताना दिसायला लागले.

शेवटच्या केमोनंतर पांढऱ्या पेशी घटू नयेत म्हणून तीन सुया लिहून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज एक, मग दोन आठवडे थांबायचं आणि मग स्कॅन. सुया मी आईच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या. मी राहते पिंपळे सौदागरला, ती भावाजवळ थेरगावात. गल्लीतल्या दवाखान्यात माझी मी जाईन म्हणाली. मी कंपनीच्या बसमधून रोज फोन करायचे.

“सुई झाली?”

“व्हय.”

एवढ्यावर माझं समाधान व्हायला नको होतं, पण झालं. आईच्या बाबतीत माणूस क्वालिटीचं सगळं विसरतं.

दसरा झाला, स्कॅन झाला. रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी कँटीनमध्ये होते. मणके, बरगड्या, कंबर, मांड्या, सगळ्या हाडांत चमक दिसते आहे, असा त्या इंग्रजीचा अर्थ मला लागला, आणि चमक म्हणजे कॅन्सर असंच मी धरून चालले. ताट तसंच टाकून मी पार्किंगमध्ये गेले आणि दोन ट्रकच्या मधे उभी राहून हमसाहमशी रडले. एखाददुसरं हाड असतं तरी मनाची समजूत घातली असती. इथे तर सगळं गावच फितूर झालेलं दिसत होतं. आई आता जाणार, याखेरीज डोक्यात दुसरं काही येईना.

संध्याकाळी तिला एवढंच सांगितलं, की उद्या डॉक्टरांकडे जायचंय. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फाइल काढून पिशवीत ठेवली.

डॉक्टर बाई पडद्यावरचं चित्र बराच वेळ पाहत राहिल्या. मग मान न वळवताच त्यांनी विचारलं, “सुया कधी संपल्या?”

“घट बसले त्याच आठवड्यात संपल्या, मॅडम,” मी ठासून सांगितलं. “मी रोज विचारत होते.”

“नक्की?”

“नक्की.”

“न्हाई,” आई म्हणाली.

आम्ही दोघी तिच्याकडे बघायला लागलो. ती साडीचा काठ चिमटीत धरून बसली होती.

“घट बसल्यावं आमच्यात कुनी सुई-कातर धरत न्हाई. वाकळंला टाकासुदिक घालत न्हाई. ह्या साली उपास तर तुमीच बंद केला बाई, मग येवढं तरी पाळावं म्हनलं. शिलंगण झालं, आन मग घेतल्या तिन्ही. शेवटची सुई स्कॅनच्या आदल्या दिशी.”

“आई! मग मला रोज व्हय कशाला म्हणत होतीस?”

“तू आरडली आसतीस.”

आणि मी आरडतच होते. डॉक्टर बाईंनी मला हातानं गप्प केलं, खुर्चीला पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आलेले पाहिले तेव्हा कुठे मला कळलं की त्याही घाबरल्या होत्या.

“ही सुई मज्जेला सांगते, भरभर पांढऱ्या पेशी तयार कर. मग मज्जा स्कॅनआधी टोचलेली साखर खाते, आणि जिथे साखर जास्त जाते तिथे स्कॅनमध्ये चमकतं. खाणारा कोण, घरचा की चोर, ते त्याला कळत नाही. मावशी, तुमच्या हाडांत बहुतेक तुमच्याच पेशी कामाला लागल्यात. अशी चमक सगळीकडे सारखी असते, कॅन्सरची बहुधा डागाडागांची असते. तरी खात्री करू. महिनाभर थांबून पुन्हा स्कॅन, आणि मधे सुई नाही. पण ह्या सुया लांबवल्यात ते फार वाईट केलंत. नुसता ताप आला असता तरी जिवावर बेतलं असतं.”

“चुकलं बाई,” आई म्हणाली. देवीला उद्देशून म्हणाली की डॉक्टरांना, कुणास ठाऊक.

तो महिना कसा काढला ते विचारू नका. मी कंपनीत चांगला मालसुद्धा परत पाठवत होते.

दुसऱ्या स्कॅनमध्ये हाडं स्वच्छ निघाली. डॉक्टर बाईंनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा मी ऐकलंच नाही. मग मी त्यांचे दोन्ही हात धरून रडले, आणि रडून झाल्यावर मला सणकून भूक लागली. आनंदापेक्षाही सुटल्यासारखं वाटत होतं, छातीवर बसलेलं कुणी उठून गेल्यासारखं.

डांगे चौकात वडापाव खाल्ला. मग आईला चपलांच्या दुकानात शिरायचं होतं. मी चकित झाले. आजार निघाल्यापासून तिनं स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं. मी साडी आणली तरी “ऱ्हाऊ दे आता, कशाला” म्हणून माघारी द्यायची. मला वाटायचं, काटकसर.

दुकानदारानं एक जोड पुढे ठेवला. “ही घ्या आजी, मऊ आहे.”

“किती टिकंल?”

“वर्षभर बघायला नको.”

आईनं पायात घालून पाहिलेली ती चप्पल काढून बाजूला सारली.

“येकच वरीस? त्याच्याहून जास्ती टिकणारी दाव.”

मला तिच्याकडे बघवेना. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. आत दुकानदार स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे खोके काढत होता.