सेवादासची तिसरी रात्र

अनसिंगचा बाजार तेव्हा निवांत भरायचा. सौदा संपला तरी माणसं घरी जात नसत, उकिडवी बसून कुणाचंही ऐकत. त्यांच्यात सेवादास शुभवर्तमान वाचायचा. तो तांड्यातला. पंचविशीत ख्रिस्ती झाला आणि मिशननं त्याला उपदेशक नेमलं.

बायको धनीबाई त्याच्यासोबत आली, पण बाप्तिस्मा घेतला नाही. तिचा भाऊ हेमसिंग दर सणाला तिला परत न्यायला यायचा. ती जात नसे, आणि नवऱ्याबरोबर प्रार्थनेलाही जात नसे. सत्तावीस साली मात्र ती आपण होऊन म्हणाली, पुनरुत्थानाच्या रविवारी पाण्यात उतरते. सेवादासला त्या रात्री आनंदानं झोप आली नाही.

मग एका संध्याकाळी तो घरात मोठ्यानं वाचत होता. योना जसा माशाच्या पोटात, तसा मनुष्याचा पुत्र तीन दिवस आणि तीन रात्री पृथ्वीच्या पोटात राहील. धनीबाई कशिदा काढत होती. सुई थांबली.

"शुक्रवारी दुपारी वधस्तंभावर मेला ना तो?"

"हो."

"अन् इतवारी उजाडाच्या पहिले उठला. मंग तीन रात्री कोनत्या?"

सेवादास हसला. बोटं मोजली. हसू गेलं.

"शोधून सांगा," ती म्हणाली. "नाई तं या खेपेले मी दादासंगं जातो. ज्याचं बोलनं जुळत नाई त्याच्यापुढं मी काहून वाकू?"

त्यानं चारही शुभवर्तमानं उलटीपालटी केली. एकात सापडलं, तो शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, मोठा होता. म्हणजे शनिवारचा नव्हे, आठवड्यात आधीच आलेला सणाचा वेगळा शब्बाथ असेल! त्यानं वधस्तंभ बुधवारी नेऊन पाहिला. रात्री भरपूर झाल्या. पण रविवारी वाटेनं चाललेले दोघं शिष्य म्हणतात, या गोष्टीला आज तिसरा दिवस. बुधवार धरला तर ते खोटे पडत होते. वधस्तंभ निमूट शुक्रवारी परत आला.

शेवटी तो चांद पिंजाऱ्याकडे गेला. दोघं लहानपणापासूनचे दोस्त.

"चांद, जुम्म्याले कोनी मेलं तं तुमच्यात तिजा कवा करतात?"

"इतवारी. मेल्याचा दिवस धरूनच ना. कोन मेलं?"

"कोनी नाई बे. आमच्याकडंबी तिसरा असाच धरतात. दिवस जुळले. रात्री जुळून नाई राह्यल्या."

सारं ऐकून चांदनं हातातली कापूस पिंजायची धुनकी खाली ठेवली. "तू दिवस कवापासून धरतं?"

"सूर्य उगवला का."

"हॅट! पादरी झाला, पन अक्कल तांड्यातच ठेवून आला. आमचा जुम्मा आदल्या जुमेरातीले दिवस बुडाला, मगरिब झाली, का लागते. ते यहुदी लोक काय तुह्या मामाच्या गावचे हायत, सकाळपासून मोजाले?"

सेवादास उभाच राहिला. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस. हे त्यानं पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानावर शंभरदा वाचलं होतं आणि तरी आपल्या गावासारखा उगवतीपासून दिवस मोजला होता. म्हणजे गुरुवारी रात्रीचं प्रभूचं शेवटचं जेवण, बागेतली प्रार्थना, अटक, सगळं शुक्रवारातच. तिसरी रात्र सापडली. तो घरी जवळजवळ पळत आला.

धनीबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. "पकडलं त्या रात्री तो जित्ता होता. जित्त्याची रात्र मुर्द्यात मोजता तुमी?"

त्यानं पुस्तक मिटून फळीवर ठेवलं.

पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारी दिवस मावळताना हेमसिंग दमणी घेऊन आला. बैल सोडले. "सकाळीच निघू, बाई," म्हणाला, आणि त्यांना पाणी पाजायला नेलं. सेवादास उंबऱ्यावर बसला होता. बाजारात लोकांना गुंडाळायला लागणारे शब्द त्याच्याकडे पुष्कळ होते.

"धने, नाई सापडली," तो म्हणाला. "दोनच भरतात. तुले खोटं नाई सांगत."

तिनं दिवा लावला. मग म्हणाली, "आपली पोरगी गेली अन् माय भेटाले आली, तवा मी तिले काय सांगतलं होतं?"

लग्नानंतर तीनच वर्षांनी त्यांची मुलगी तापानं गेली होती. दोघं तिचं नाव घेत नसत.

"तीन रात्री काढल्या म्हनून सांगतलं होतं."

"ती गेली दुसऱ्या दिवशी. पहिल्या रात्री मांडीवर होती. जित्ती होती. पन ती वाचत नाई, हे मले समजलं होतं." तिनं पदर सावरला. "तुमच्या प्रभूले पकडून नेलं म्हनून त्याच्या मायले निरोप गेला असंल. तिनं कोनती रात्र पहिली धरली असंल?"

सेवादासनं फळीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. "पुस्तकात हे लिहेल नाई, धने," तो म्हणाला.

"कसं राहील? लिहिनारे सारे गडीमानसं."

पहाटे हेमसिंगनं बैल जुंपले. धनीबाईनं भाकरी बांधून त्याच्या हातात दिल्या. "तू हो पुढं, दादा. मले आज काम हाय." तो रागानं दमणीत चढला आणि मागं न पाहता गेला. ती ओढ्याकडे निघाली. सेवादासला तिला गाठायला भरभर चालावं लागलं.

पुढं कित्येक वर्षं बाजारात कुणीतरी हुशार माणूस त्या रात्री मोजायचाच. सेवादास वाद घालत नसे. "दोन मी सांगतो," म्हणायचा. "तिसरी घरी येऊन इचारा."

लोक खरंच यायचे. धनीबाई आधी पाणी द्यायची, मग विचारायची, "घरी लेकरंबाळं हायत का?"