कणसांतली वाट
"घाई नको करू भाऊ, पहिले देख." हे म्हणताना तो समोरच्याची बोटं कीबोर्डवरून हलकेच उचलून बाजूला ठेवायचा.

नंदुरबारला आमच्या कॉम्प्युटर क्लासात आम्ही दोघं शिकवायचो. मी टायपिंग, तो बाकी सगळं. तो मोलगीकडच्या डोंगरातला. घरी पावरी बोले, आमच्याशी अहिराणी. आश्रमशाळेत असताना टीव्हीला जोडायचा एक जुना कॉम्प्युटर त्याच्या हाती लागला होता, आणि त्याचं वेड उतरलं नव्हतं. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. जग पुढे जातं, तो आपल्या पहिल्या प्रेमापाशी थांबलेला.

तर त्यानं तसाच एक खेळ बनवला. काळा पडदा, मोजके भडक रंग, ठिपक्यांचा बुटका माणूस, पिप-पिप आवाज. माणसानं उड्या मारत, दगड ढकलत डोंगर चढायचा, आणि प्रत्येक पडद्यावर एक कोडं.

पहिल्याच पडद्यावर मक्याचं शेत होतं. कणीस तोडून खाल्लं की माणूस मेलाच.

"सर, हाऊ तं मरी जास!" पोरं ओरडायची.

"अरे, काही तं सांग त्यास्ले," मी वैतागून म्हणायचो.

"सांगी दिधं तं खेळ काय ऱ्हायना?" तो गालात हसायचा. मी स्वतः कितीदा मेलो, विचारू नका.

एकदा त्याची आई दवाखान्यासाठी खाली आली होती. तिनं कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. कोणती कळ कशाची, एवढंच त्यानं दाखवलं. म्हातारीनं कणीस तोडलं, कोपऱ्यातल्या शेंदरी दगडापाशी नेलं आणि पुढ्यात ठेवलं. टिंग! वरची वाट उघडली. नवाईच्या सणाला देवापुढे ठेवल्याशिवाय नवं कणीस तोंडात घालायचं नाही, एवढी साधी गोष्ट. आम्ही सपाटीवरचे, आम्हाला कुठून सुचणार? त्या दिवशी तो पोरासारखा नाचला.

पुढे पुण्याच्या एका कंपनीला खेळ आवडला. फक्त पहिला पडदा बदला म्हणाले; पहिल्याच पावलाला मरायचं असेल तर लोक खेळ सोडून देतात. आपला डोंगर जगानं बघावा, ही त्याची फार इच्छा होती. दोन दिवस तो जुनाच पडदा पुन्हा पुन्हा खेळत बसला. मग म्हणाला, "एक नियम गया, गाव तं ऱ्हायनं ना." कणसाला नुसता धक्का लागला की माणूस ते मटकावू लागला आणि गुण वाढू लागले. दगड शोभेपुरता उरला.

खेळ मोबाइलवर आला. त्यानं पेढे वाटले आणि मोठ्या हौसेनं आईला बोलावून आणलं. म्हातारीनं माणसाला दगडाकडे न्यायला सुरुवात केली, तर तो वाटेतलंच कणीस खाऊन मोकळा. तिनं त्याला उडी मारायला लावून पाहिली. त्यानं पुढचंही खाल्लं. तिनं मोबाइल खाली ठेवला आणि पावरीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हनी?" मी विचारलं.

"हाऊ आपला माणूस नही, म्हनस." पेढ्याचा खोका त्याच्या हातातच होता.

जुना नियम परत घालू द्या म्हणून त्यानं कंपनीला विनवलं. लोकांना आता याचीच सवय झालीय, असं उत्तर आलं. मग तो क्लासच्या कॉम्प्युटरवर आईपुरता जुना पडदा पुन्हा बसवू लागला, नवाईला वर गावी घेऊन जायचा म्हणून. नवाईच्या आधीच आई गेली.

दिवसकार्य आटोपून तो आला तो सामान न्यायलाच. मी खांद्यावर हात ठेवला, तर म्हणाला, "सगळास्ले सांगत ऱ्हायनू, पहिले देख. मीच देखं नही, भाऊ." त्यानंतर तो दिसला नाही. कुणी म्हणतं सुरतेला आहे. मला त्याची फार आठवण येते.

बाजारात डोंगरातली नवी कणसं आली की मी मोबाइलवर त्याचा खेळ उघडतो. कणसं चुकवून त्या माणसाला दगडापर्यंत न्यायचा प्रयत्न करतो. नाही जमत. वाट कणसांतूनच जाते, आणि तो खात सुटतो.