सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेलेलं

आमच्या किनाऱ्यावर मी सुपरवायझर आहे. नागावला असते तेवढी गर्दी आमच्याकडे नसते. पण शनिवार-रविवारी पार्किंग भरतं, बोटींना रांग लागते, आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटीला जो वाळूचा दांडा उघडा पडतो तिथवर माणसं चालत जातात. फोटो काढतात, शिंपले वेचतात. त्यांना भरतीच्या आधी परत आणणं हे आमच्या कामातलं सगळ्यात जोखमीचं काम, कारण तिथं पाणी समोरून येत नाही. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा आहे, तो आधी भरतो. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पाठीमागचा रस्ता गेलेला कळतच नाही.

पूर्वी आमच्याकडे शिट्ट्या आणि लाल झेंडे होते. मग मालकांनी, म्हणजे किनाऱ्याच्या ठेकेदारांनी, सगळ्यांच्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. बटण दाबून धरायचं, बोलायचं आणि सोडायचं. एकजण बोलला की तिकिटाच्या काउंटरपासून पार्किंगपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं. तो बोलत असेपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. बटण दाबलं तर फोन नुसता गुरगुरतो. सगळे त्याला वॉकीच म्हणतात.

मला ते फार आवडलं. काम सोपं झालं म्हणून आवडलं असं मी तेव्हा सांगायचो. खरं म्हणजे काउंटरच्या शेडमध्ये खुर्चीत बसून किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना माझा आवाज पोचतो, हे मला आवडलं होतं. मी नियम केला की मी काही सांगितलं की लगेच ‘ऐकलं’ म्हणायचं. ज्याचं उत्तर आलं नाही त्याला मी तिथल्या तिथं, सगळ्यांना ऐकू जाईल असं झापायचो. शिस्त अशीच लागते असा माझा समज होता. आणि लागलीही. मी बटण सोडतो न सोडतो तोच ‘ऐकलं सायेब’, ‘ऐकलं सायेब’ सुरू व्हायचं. मालक एकदा काउंटरवर बसून हे ऐकत होते, तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

दांड्याच्या बाजूला जो जीवरक्षक उभा असायचा तो माझ्याच वयाचा, पूर्वी मच्छीमार बोटीवर खलाशी होता. बोलायला कमी. त्या टोकाला वारा जास्त आणि रेंज तुटक, त्यामुळे त्याचं उत्तर नेहमी उशिरा यायचं. एका रविवारी मी त्याला दोन-तीनदा हाक मारली, उत्तर नाही.

“कानात बोळे घातलेत का रे? उभ्या उभ्या झोपतोस का? पगार घ्यायला बरा जागा असतोस!”

मी एरवी त्याला अरे-तुरे करत नसे. मी बटण सोडल्याबरोबर बोटवाला म्हणाला, “सपनात जाळं टाकतंय काका, सायेब. पापलेट गावली की उठंल.” काउंटरवरच्या मुली हसल्या. मीही हसलो, आणि बटण दाबून हसलो. जरा वेळानं त्याचा आवाज आला, “ऐकलं सायेब.”

पार्किंगला त्याचा मेव्हणा कामाला आहे, बायकोचा धाकटा भाऊ. तोही वॉकीच्या ग्रुपवर असतो. हे मला माहीत होतं. तेव्हा मनात आलं नाही, एवढंच.

त्याच्या पुढच्या रविवारी उधाणाची भरती होती. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यात दुपारपासून वारा उठला होता. अशा दिवशी पट्टा बघता बघता भरतो. काउंटरवरून दांडा दिसत नाही, मध्ये सुरूची झाडं आहेत. पाणी वळलेलं दिसल्यावर मी बटण दाबून सांगितलं, “दांडा रिकामा करा. सगळी माणसं अलीकडे घ्या. आत्ताच्या आत्ता.”

“ऐकलं सायेब.”

या वेळी उत्तर पटकन आलं. मला बरं वाटलं. मागच्या रविवारचा उपयोग झाला, असंसुद्धा वाटलं. मग एका कुटुंबाशी तिकिटाच्या परताव्यावरून माझी वादावादी सुरू झाली आणि मी दांडा विसरलो.

घोडागाडीवाला त्या बाजूनं फेरी मारून आला. लगाम खेचून तो म्हणाला, “सायेब, दांड्यावर मानसं ठेवलीत का आज? पानी मागनं आलंय की.”

“काढली सगळी. मघाशीच.”

“मंग मी काय भुतं बघितली? म्हातारा-म्हातारी हायत, दोन बायका हायत. तुमचा मानूस पन तिथंच हाय.”

मी बटण दाबलं. “दांड्यावरची माणसं निघाली का?”

“ऐकलं सायेब.”

मी परत विचारलं. शब्द सुटे सुटे करून, ओरडून विचारलं, “माणसं — निघाली — का?”

“ऐकलं सायेब. ऐकलं.”

त्याच्या आवाजात घाई होती, मला लवकर गप्प करावं अशी. मागे वाऱ्याचा फडफडाट येत होता. त्याला माझा एक शब्दही कळत नव्हता. मी बोलतोय एवढंच कळत होतं, आणि मी बोललो की काय म्हणायचं ते त्याला मी शिकवलेलं होतं.

मी बोटवाल्याला हाक मारायला बटण दाबलं, तर फोन गुरगुरला. पार्किंगवाला बोलत होता, “काय झालं सायेब, कोन अडकलंय?” तो थांबला तोवर काउंटरवरची मुलगी बोलायला लागली, मग दुसरं कुणीतरी. सगळे मला मदत करायला विचारत होते, आणि त्यामुळं मला बोलता येत नव्हतं. मी दाबत होतो, फोन गुरगुरत होता. शेवटी तो खिशात कोंबून मी वाळूतून पळत सुटलो. माझं वजन आणि वय पळण्याचं नाही. बोटीपर्यंत पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. नुसता हात दांड्याकडे केला. बोटवाल्यानं एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, बोटीत बसलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाला, “उतरा, उतरा, पैसं परत घ्या,” आणि मला दंडाला धरून आत ओढलं.

सुरूच्या टोकाला वळसा घेतल्यावर दिसलं. दांड्याची आता नुसती एक पट्टी उरली होती. दोन बायका तिच्यावर एकमेकींना धरून उभ्या होत्या. आमचा जीवरक्षक मधल्या पट्ट्यात छातीभर पाण्यात होता. म्हातारी त्याच्या पाठीवर, तिनं त्याची कॉलर दोन्ही मुठींत धरलेली; आणि म्हातारबुवांचा दंड त्यानं एका हातानं पकडलेला. खाडीकडे पाणी जोरात ओढत होतं. तो पाऊल टाकायचा आणि तिरपा सरकायचा. त्याला कळलं होतं ते माझ्या फोननं नव्हे. मागं वळून बघितलं तेव्हा कळलं, आणि तोवर उशीर झाला होता.

“इंजिन जवळ नेता येनार न्हाय,” बोटवाला म्हणाला. “पंखा लागंल कुनाला तरी.”

त्यानं इंजिन बंद केलं, दोर कमरेला बांधून उडी घेतली. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. तेवढ्यात म्हातारबुवांचा पाय घसरला आणि ते दिसेनासे झाले. जीवरक्षकानं दंड सोडला नाही, त्यामुळं तोही गळ्यापर्यंत गेला. म्हातारी ओरडत होती, “त्यांना बघा, त्यांना बघा.” मी दोर धरून नुसता उभा होतो. माझ्या खिशात फोन बोलत होता. “सायेब, सांगा ना काय झालं. सायेब, ऐकताय ना?”

बोटवाला पोचला. त्यानं म्हातारबुवांना केसांना धरून वर काढलं. मग म्हातारीला. मी ओढत राहिलो, तळहात सोलून निघाले. त्या दोन बायकांना बोटवाल्यानं दुसऱ्या फेरीत लाइफ जॅकेट घालून आणलं, तेव्हा दांडा पूर्ण बुडाला होता.

सगळे वाचले. म्हातारबुवांनी पाणी ओकलं, जरा वेळ थरथरत बसले, मग चहा मागितला. त्या दोन बायकांपैकी एक त्यांची मुलगी; तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “तुम्ही होतात म्हणून.” मी ‘अहो, कर्तव्यच आहे’ असं काहीतरी बोललो. जीवरक्षक ओल्या कपड्यांनी पलीकडे वाळूत बसला होता. त्याच्याकडे कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

संध्याकाळी मालकांनी ग्रुपवर विचारलं, “तुम्ही सूचना दिली होती. त्यानं ऐकलं म्हणून सांगितलं होतं. बरोबर?”

“हो साहेब, सांगितलं होतं,” मी म्हणालो.

एवढंच बोललो. खोटं त्यात काही नव्हतं. मालकांनी सगळ्यांसमोर त्याला चार शब्द सुनावले, आणि शेवटी तो म्हणाला, “ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. “तुम्हाला ऐकूच येत नव्हतं ना?”

“निस्ती खरखर येत व्हती.”

“मग म्हणायचं ना, की नाही ऐकलं म्हणून.”

“मेव्हना हाय ना ग्रुपवर,” तो म्हणाला. “त्या रविवारी घरी येऊन सांगितलं त्यानं. बोळ्यांचं, झोपेचं. बायको हसली, पोरं हसली. वाईट न्हाय तो, गंमत म्हनूनच सांगितलं. पन परत नको वाटलं.”

मी त्याची तिथंच माफी मागितली. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या सायेब,” आणि चहाचे पैसे द्यायला उठला. मला हलकं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. बोललो होतो सगळ्या किनाऱ्यासमोर आणि माफी मागितली टपरीच्या आडोशाला.

तरी पुढं कितीतरी दिवस मी काही केलं नाही. मालक ग्रुपवर असतात, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देणार, हे स्वतःला समजावत राहिलो. शेवटी बोललो तेही आडवारी, सकाळी, ॲपमध्ये मालकांच्या नावापुढचा ठिपका करडा आहे ना, म्हणजे ते ऐकत नाहीत ना, ते बघून. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. मेव्हण्याचा ठिपका मात्र हिरवा होता, तो मी आधी बघितला.

बटण दाबलं. सांगितलं की त्या दिवशी दांड्यावर चूक माझी होती. मी तुम्हा सगळ्यांना उत्तर द्यायला शिकवलं, ऐकायला नाही. ज्याला मी झोपाळू म्हणालो त्यानं दोन जीव अंगावर घेऊन पाणी ओलांडलं, आणि मालकांनी विचारलं तेव्हा मी अर्धंच बोललो. आजपासून ज्याला कळलं नाही त्यानं कळलं नाही म्हणायचं.

बटण सोडलं. नेहमीचं ‘ऐकलं सायेब’ एकाचंही आलं नाही. मग दांड्याकडून आवाज आला.

“सायेब, आवाज तुटत व्हता. न्हाय कळलं. परत सांगा.”

त्या सकाळी वारा नव्हता. रेंजचं मला माहीत नाही. मी परत बटण दाबलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी सावकाश. अर्ध्यावर आलो तेव्हा मालकांच्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला. अंगठा बटणावरच होता. तो मी तसाच दाबून धरला आणि पुढचं बोलत राहिलो.