घंटा वाजली की पळणारी मुलगी

आज कंधारला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पाहुणी म्हणून गेले होते. घरी आले तरी डोकं शांत होत नाही. विषय होता, वेगळ्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांना कसं शिकवायचं.

सलमा नावाच्या तरुण शिक्षिकेने सकाळीच विचारलं, "सर, माझ्या वर्गातली एक मुलगी घंटा वाजली की कान दाबून पळते. बाप म्हणतोय, आणखी एकदा पळाली तर शाळेतून नाव काढतो. काय करू?"

"प्रश्न शेवटी," प्रशिक्षक म्हणाले. शेवटी सत्कार झाले, फोटो झाले.

शाल पुढे करून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइक सलमाच्या हातात दिला. "विचार गं. उत्तर मिळेपर्यंत मी शाल घेत नाही."

प्रशिक्षकांनी घड्याळ पाहिलं. मागून भोकरचे एक गुरुजी म्हणाले, "म्याडम, घंटा तिलाच वाजवू द्या की. कवा वाजणार ते तिला ठाऊक राहील."

दिवसभरात कामाचं बोलणं एवढंच झालं, तेही लोक चपला शोधत असताना.

उद्या शाळा आहे. गुरुजींचा उपाय नाही चालला तर? तुमच्या वर्गात असं मूल असेल तर काय केलंत ते आजच लिहा. सलमा वाचते आहे.